राउटरवरच्या हार्ड डिस्कवर फोटो चढवायचे असतील तर

शिवजयंतीच्या चित्ररथांपासून राजहंसगडापर्यंतचे सगळे फोटो वाय-फायवरून शेअर केलेल्या डिस्कवर पाठवायला बसलात, तर रात्र सरते. सेकंदाला 5 एमबी वेग धरला, तरी 100 जीबीला साडेपाच तास लागतात. त्यात खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात लाईट गेली की कॉपी अर्धवटच!

1. पहिली मोठी कॉपी डिस्क केबलने थेट कॉम्प्युटरला जोडूनच करा. खरा वेळ इथेच वाचतो.
2. मग डिस्क 'इजेक्ट' करून राउटरच्या यूएसबी पोर्टला लावा. विंडोजमध्ये 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' केलं की ती रोजच्या ड्राइव्हसारखी दिसते.
3. यापुढे फक्त त्या महिन्याचा फोल्डर पाठवा. नाव 2025-05 असं ठेवा, आपोआप क्रमाने लागतात.

मध्येच लाईट गेली तर डिस्कवर शेवटी गेलेली फाईल आधी डिलीट करा, मग पुन्हा पेस्ट करून 'स्किप' (म्हणजे आधीच गेलेल्या फाईली वगळा) निवडा. नाहीतर अर्धा करडा झालेला फोटो तसाच राहतो आणि स्किपमध्ये सुटतो.

मोबाईलमधले मूळ फोटो मात्र लगेच पुसू नका. दोन्हीकडची फाईलसंख्या जुळवा, चार-पाच फोटो डिस्कवरून उघडून बघा.