सायनोटाइपचा निळा टिकवायचा असेल तर आधी पाणी बघा

सायनोटाइप म्हणजे 1842 साली जॉन हर्शेलनं शोधलेली निळ्या छापाची पद्धत, डार्करूम लागत नाही, उन्हावर काम होते, आणि ऊन आपल्याकडे काही कमी नाही. तरी गंज लोकांचे प्रिंट दोन दिवसात फिक्के पडतात आणि मग ते केमिकल बदलत बसतात.

केमिकल दोनच. 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं घ्या, आणि दुसऱ्या बाटलीत 100 मिलीला 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. लाल खडे म्हणजे फेरिसायनाइड, पिवळे खडे म्हणजे फेरोसायनाइड, ते नको, दुकानदाराकडून हीच चूक होते, म्हणून खडे बघूनच घ्या. काळसर बाटल्यांत वेगळे ठेवा, लागेल तेवढंच समान भागात मिसळा, आणि दोन्ही द्रावणं डिस्टिल्ड पाण्यातच करा.

कागदाच्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर कागदात खडू आहे, तो नको, मग वर ॲसिड-फ्री लिहिलेलं असो की नसो.

ट्यूबलाइट बंद, पिवळा झिरो बल्ब लावून ब्रशनं पातळ हात मारा, अंधारात पूर्ण वाळू द्या. वर कपाशीचं नाहीतर शेवग्याचं पान, काच, क्लिपा, आणि उन्हात. एप्रिलच्या दुपारी माझं 8 ते 10 मिनिटांत होते, पण आधी त्याच कागदाची एक पट्टी कमी-जास्त वेळ उन्हात ठेवून बघा. उघडा भाग राखाडी, किंचित तांब्यासारखा दिसला की उचला.

आता धुणं. राजेहो, सगळा खेळ इथं आहे.

माझं गाव विदर्भात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं. सगळीकडे वाचलं होतं की वाहत्या नळाखाली तासभर धुवा, मी बोअरच्या पाण्यात तासभर धुतलं, आणि निळा डोळ्यांदेखत फिक्का होऊन कडेनं पिवळट डाग पडले. तीन महिने मी केमिकललाच दोष देत होतो, नवीन मागवलं तरी तेच. जुलैत पाऊस लागला, बोअरची मोटर बंद, म्हणून टिनाच्या पागोळ्यांखाली ड्रम लावून ते पाणी वापरलं आणि पहिल्यांदा प्रिंट जसाच्या तसा राहिला. त्या दिवशी समजलं काहून होत होतं ते. हा निळा म्हणजे प्रशियन ब्लू, लोखंडाचा रंग, आणि क्षारी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचं, पाणी त्याला तोडते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजत नाही, त्या पाण्याचा पहिल्या धुण्यात भरवसाच धरू नका.

मी आता असं करतो. 1 लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा लिंबूसत विरघळवून दोन ट्रे भरतो, प्रिंट आधी पहिल्यात मग दुसऱ्यात, 2-2 मिनिटं, ट्रे हलवत. पिवळा निघून जातो. मग पावसाचं किंवा कॅनचं फिल्टरचं साधं पाणी, दोन-तीनदा बदलून, एकूण 10 मिनिटं. पांढरा भाग पांढरा दिसला की थांबा, तासभर धुवा म्हणणाऱ्यांनी खारं पाणी बघितलेलंच नसते. लिंबूसत किंवा घरचं व्हिनेगर एवढंच पुरे, फेरिसायनाइडजवळ जोरदार ॲसिड अजिबात आणू नका आणि गरमही करू नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो.

तुमचं पाणी चालेल की नाही हे तपासायला तयार प्रिंटच्या पट्ट्या कापा, एक बोअरच्या पाण्यात, एक नळाच्या, एक कॅनच्या, रात्रभर ठेवा. सकाळी शेजारी शेजारी ठेवून बघा, मग कोणाला विचारायची गरज नाही पडत.

सावलीत वाळवा, निळा पुढच्या 24 तासांत आणखी गडद होते. कापडावर छापलं असेल तर धुण्याचा सोडा आणि सोड्याची पावडर त्याला लावू नका, तेही क्षारच, निळा उतरवून टाकतात.