नजर पोचते, पण शत्रू दिसत नाही! 'कॉम्बॅट मिशन'मध्ये या चुका टाळा

'कॉम्बॅट मिशन' हा दुसऱ्या महायुद्धातल्या लढायांचा कॉम्प्युटर गेम तुम्ही खेळताय. चारशे मीटरवर, झाडांच्या रांगेपलीकडे पँझर फोर हा जर्मन रणगाडा उभा आहे. तुम्हाला तो स्क्रीनवर लख्ख दिसतोय. तुमचा अमेरिकन रणगाडा, शर्मन, त्याच्याचकडे तोंड करून उभा आहे आणि साठ सेकंदांची अख्खी चाल संपली तरी ढिम्म. पुढच्या मिनिटाला शर्मनमधून धूर निघतो आणि आपण वैतागून म्हणतो, गेममध्ये बग आहे!

बग क्वचितच असतो. गोंधळ असतो तो दोन गोष्टींचा, आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्दप्रयोग आहेतच: नजर पोचणं आणि नजरेस पडणं. दृष्टिरेषा, म्हणजे एलओएस, फक्त पहिल्याची हमी देते. मध्ये भिंत नाही, टेकाड नाही, म्हणून नजर पोचू शकते. पण गनरचं लक्ष तिकडे गेलं का, पानांआडचा करडा आकार त्याला रणगाडा म्हणून ओळखू आला का, हा वेगळा प्रश्न. गेम तो दर काही सेकंदांनी नव्याने तपासतो आणि त्यात नशिबाचाही वाटा असतो.

एकाला दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसलं, असं धरून चालणं

ही जुन्या खेळाडूंची खोड. २००० साली आलेल्या, या मालिकेतल्या पहिल्या 'बियाँड ओव्हरलॉर्ड' गेममध्ये खरंच तसं होतं. एका शिपायाने रणगाडा पाहिला की सगळ्या फौजेला त्याची खबर. 'स्टार ट्रेक'मधल्या, एकाच मनाने चालणाऱ्या बोर्गांवरून खेळाडू त्याला चेष्टेने 'बोर्ग स्पॉटिंग' म्हणत. २००७ च्या 'शॉक फोर्स'पासून हा हिशोब बदलला. आता प्रत्येक तुकडीला स्वतःचे डोळे आहेत, आणि खबर पोचते ती हाकेने, हातवाऱ्याने किंवा रेडिओवरून, तीही वरिष्ठांमार्फत.

कोणाला काय दिसतंय हे ओळखायला सोपी युक्ती आहे. कुठलीच तुकडी न निवडता नकाशा पाहिलात, तर सगळ्या फौजेला मिळून जे दिसतं ते दिसेल. आता त्या शर्मनवर क्लिक करा. पँझरची खूण गायब झाली किंवा तिच्या जागी प्रश्नचिन्ह (म्हणजे 'इथे कोणीतरी असावं') आलं, तर उत्तर मिळालं: रणगाडा दिसलाय तो बांधाआड लपलेल्या टेहळ्यांना, शर्मनला नव्हे.

मग उपाय? टेहळ्यांना त्यांच्या प्लाटून कमांडरच्या टप्प्यात ठेवा. त्यांना दोन शेतं पुढे एकटं सोडलंत आणि रेडिओ नसला, तर त्यांनी पाहिलेलं त्यांच्यापाशीच राहतं. साखळी जुळलेली असली तरी पायदळाची खबर रणगाड्यापर्यंत जायला काही मिनिटं लागतात. ती पोचली की शर्मनच्याही नकाशावर तिथे प्रश्नचिन्ह उमटतं, आणि कुठे पाहायचं हे ठाऊक असलेली तुकडी शत्रूला लवकर हुडकते. म्हणून घाई नसेल तर दोन-तीन चाली थांबा. मला हे पटायला बरेच शर्मन जाळावे लागले.

आकाशातून पाहून मोर्चा ठरवणं

कॅमेरा उंच नेला की नॉर्मंडी पत्त्यांच्या डावासारखी पसरलेली दिसते. पण तुमचा मशिनगनवाला जमिनीवर पालथा पडलाय. कीबोर्डवर १ दाबा आणि त्याच्या उंचीवरून बघा. वरून सपाट वाटणारं शेत प्रत्यक्षात मधोमध फुगलेलं निघतं.

दुसरी फसगत झाडांची. नकाशा मोकळा दिसावा म्हणून आपण ऑल्ट आणि टी दाबून झाडं लपवतो आणि मग ती लपवलीत हेच विसरतो. चित्रातून गेलेली झाडं गेमच्या हिशोबातून जात नाहीत. नॉर्मंडीतल्या बोकाजचंही तसंच: मातीचा बांध आणि त्यावर दाट झुडपांची भिंत. बुटक्या कुंपणावरून रणगाड्याला पलीकडचं दिसतं, उंच बोकाजमधून नाही. वरून मात्र दोन्ही सारखीच हिरवी रेघ.

हलण्याआधी जागा तपासायची तर जायचा मार्ग आखा, शेवटच्या वेपॉइंटवर (मार्गातल्या थांब्यावर) क्लिक करा आणि तिथून 'टार्गेट' या नेम धरायच्या हुकमाची रेषा ओढून बघा. हा अंदाजच आहे. नकाशाची गणितं आठ मीटरच्या चौकोनांत होतात, तुकडीतली माणसं मात्र इकडेतिकडे पांगतात. शिवाय ती रेषा जमिनीपर्यंतची असते. 'रिव्हर्स स्लोप' असा इशारा आला, म्हणजे उतारामागची जमीन दिसत नाही. पण तिथे उंच रणगाडा आला तर त्याचा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, दिसू शकतो. उलट, जमीन स्पष्ट दिसत असूनही गव्हात आडवा पडलेला शिपाई दिसेलच असं नाही.

झाकण बंद, मान खाली

रणगाड्याचं झाकण बंद असलं की आतल्यांना अरुंद फटींतून आणि पेरिस्कोपमधूनच बाहेर बघायचं असतं. आजूबाजूला शत्रूचं पायदळ नसेल तर 'ओपन अप' हा झाकण उघडायचा हुकूम द्या. कमांडर बाहेर डोकं काढतो आणि फरक लगेच कळतो. अर्थात गोळी त्याच डोक्याला लागते. रणगाड्याची रचनाही महत्त्वाची: १९४१ च्या सोव्हिएत टी-३४ च्या टरेटमध्ये दोनच माणसं, कमांडरच तोफेचा नेम धरणार, मग टेहळणी कोण करणार? टी-३४/८५ मध्ये टरेटमध्ये तिसरा माणूस आणि कमांडरसाठी क्युपोला, म्हणजे चहूकडे बघायचा छोटा घुमट, आला.

'हाइड' म्हणजे लपायचा हुकूम दिलेली तुकडी जमिनीला चिकटते. ती दिसत नाही आणि तिलाही फारसं दिसत नाही. दबा धरायला उत्तम, टेहळणीला कुचकामी. पळणारी, किंवा गोळीबाराखाली मान खाली घातलेली तुकडीही जवळपास आंधळीच. टेकडीच्या माथ्यावर जायचं तर शेवटचे वीस-तीस मीटर 'फास्ट'ऐवजी 'हंट'ने, म्हणजे सावधपणे, शत्रू दिसताच थांबत जा. रात्र, धुकं, धूर असेल तर सगळे अंदाज आखडते घ्या, एवढंच.

आर्क लावून विसरणं

शत्रू दिसतोय, तरीही गोळी सुटत नाही? दोन चालींपूर्वी लावलेला टार्गेट आर्क, म्हणजे गोळीबारासाठी आखून दिलेला टप्पा, तपासा. आर्कबाहेरच्या शत्रूवर तुकडी सहसा गोळी झाडत नाही. रणगाडाविरोधी तोफेला मात्र फक्त चिलखती वाहनांसाठीचा 'आर्मर आर्क' जरूर लावा, नाहीतर ती दोन शिपायांवर गोळा टाकून स्वतःची जागा उघडी करते.

आणि रणगाड्याला शत्रू दिसतच नसेल, पण शत्रूजवळची जमीन दिसत असेल, तर त्या जमिनीवर एरिया फायर, म्हणजे शत्रू न दिसता जागेवरच गोळीबार, देता येतो. समोर काय आहे हे तुम्हाला ठाऊक, रणगाड्याला नाही. ईमेलवरून खेळणारे काही जण याला लबाडी मानतात. मी स्वतः, त्या रणगाड्याला निदान प्रश्नचिन्ह दिसत असेल तरच तो देतो. सामना सुरू होण्याआधी समोरच्याला एकदा विचारून घ्या.