‘कनेक्टेड’ दिसतंय, पण आवाज कुठाय?

दर दोन-तीन महिन्यांनी आईचा फोन येतो.

“अगं, हे कानातलं परत मुकं झालं.”

“दिवा लागलाय का?”

“लागलाय की. निळा.”

“एकसारखा लागलाय की लुकलुकतोय?”

मग जरा वेळ शांतता, आणि: “थांब, चष्मा घेते.”

दिव्याबद्दल मी आधी विचारते त्याला कारण आहे. दिवा भरभर लुकलुकत असेल, तर ब्लूटूथचा बिनतारी हेडफोन नव्या ओळखीच्या शोधात आहे. सावकाश लुकलुकत असेल किंवा एकसारखा लागलेला असेल, तर बहुतेक वेळा तो कुणाशी तरी आधीच जोडला गेलाय. प्रत्येक कंपनीची दिव्यांची भाषा थोडी वेगळी, पण भरभर म्हणजे शोधात, एवढं जवळजवळ सगळीकडे सारखं.

माझा या विषयाशी संबंध पोटापाण्याचा आहे. बोलक्या पुस्तकांची ध्वनिमुद्रणं ऐकून त्यातल्या चुका टिपायचं काम मी करते. म्हणजे दिवसाचे सात-आठ तास कानावर काहीतरी असतंच. कानभर बसणारा मोठा हेडफोन, डबीतले इअरबड्स आणि एक जुना नेकबँड अशी तीन जनावरं पाळली आहेत, आणि ती फोन, टॅब्लेट आणि दोन संगणकांवर आलटून पालटून चरतात. तेव्हा रुसवेफुगवे बरेच पाहिलेत.

सगळ्यात आधी एक घोळ मिटवू. आपण ‘हेडफोन लावला’ म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली जुळणी, म्हणजे पेअरिंग. ती एकदाच होते. त्या वेळी दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली बनवतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. दुसरी जोडणी. ती रोजची, जुनी किल्ली ताडून बघायची आणि हात मिळवायचा. तिसरी गोष्ट म्हणजे आवाज कुणीकडे सोडायचा, आणि हे फोन किंवा संगणक स्वतंत्रपणे ठरवतो. बिघाड यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे हे न बघता लोक थेट सगळं पुसून नव्याने सुरू करतात. बहुतेकदा त्याची गरज नसते.

जुळणीपासून सुरुवात करू. इथे होणारी चूक ठरलेली आहे: हेडफोन चालू झाला की लोक बटण सोडतात. सोडायचं नाही. हेडफोन आधी बंद करा, मग पॉवरचं बटण दाबा आणि पाच-सात सेकंद धरूनच ठेवा. ‘पॉवर ऑन’ ऐकू आलं तरी बोट हलवू नका. दिवा भरभर लुकलुकायला लागला, किंवा निळा-लाल आलटून पालटून दिसला, किंवा आतल्या बाईने ‘पेअरिंग’ म्हटलं, की मग सोडा. काही हेडफोनला ब्लूटूथचं वेगळं बटण असतं, तिथे तेच धरायचं. इअरबड्स असतील तर दोन्ही डबीत ठेवा, झाकण उघडं ठेवा आणि डबीवरचं बटण धरून ठेवा. डबीला बटण नसेल, तर सोबतचा कागद बघावाच लागतो, कारण बडवर किती वेळ बोट ठेवायचं हे प्रत्येकाचं निराळं असतं.

अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ आणि त्यात ‘पेअर न्यू डिव्हाइस’. यादीत हेडफोनचं नाव आलं की त्यावर टिचकी मारा. कधीकधी एकच नाव दोनदा दिसतं, त्यातल्या एकाच्या आधी ‘एलई’ ही अक्षरं असतात. ते सोडून साधं नाव निवडा. जुना हेडफोन आकडे मागत असेल तर चार शून्यं देऊन बघा, बहुधा चालतात. ‘कॉन्टॅक्ट्स बघू देऊ का’ असं विचारलं तर नाही म्हटलं तरी गाण्यांचं काही अडत नाही.

आयफोनवर सेटिंग्जमधलं ‘ब्लूटूथ’ उघडायचं, बाकी प्रकार तोच. एक खोच मात्र लक्षात ठेवा. वरून ओढून उघडणाऱ्या कंट्रोल सेंटरमध्ये ब्लूटूथचं चित्र दाबलं, की ब्लूटूथ बंद होत नाही. जोडलेली बहुतेक उपकरणं फक्त दुसऱ्या दिवसापर्यंत सुटतात. ‘मी बंद करून चालू केलं’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी ते इथून केलंय की सेटिंग्जमधून, हे मी विचारतेच.

विंडोजवर सेटिंग्ज, ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’, ‘ॲड डिव्हाइस’, आणि पुन्हा ‘ब्लूटूथ’. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधलं ‘ब्लूटूथ’, आणि नावासमोरचं ‘कनेक्ट’. विंडोजमध्ये ब्लूटूथ चालू करायचं बटणच दिसत नसेल, तर एक तर मशिनमध्ये ब्लूटूथ नाही किंवा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, बसलेला नाही. टेबलाखालच्या उभ्या डब्याच्या संगणकाबद्दल आणखी एक. त्यात ब्लूटूथ असलं, तर वायफाय आणि ब्लूटूथ मिळून डब्याच्या मागे अँटेना फिरवून बसवायच्या असतात. त्या खोक्यात तशाच पडून राहतात. माझ्या राहिल्या होत्या, तब्बल आठ महिने. खुर्ची दोन हात मागे सरकवली की आवाज तुटायचा, आणि मी हेडफोनला शिव्या घालत होते.

आता शीर्षकातला प्रश्न. ‘कनेक्टेड’ लिहिलंय आणि आवाज नाही. संगणकावर आधी घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर जा आणि आवाज कुठे चाललाय ते बघा. मॅकवर ‘साउंड’मध्ये ‘आउटपुट’. मीटिंगच्या ॲपला स्वतःची वेगळी निवड असते, ती सिस्टिमचं ऐकेलच असं नाही. अँड्रॉइडवर हेडफोनच्या नावाशेजारचं दातेरी चाक दाबलं की ‘मीडिया ऑडिओ’ आणि ‘फोन कॉल्स’ असे वेगळे खटके दिसतात. मीडियाचा खटका बंद असेल, तर कॉल ऐकू येतो आणि गाणी फोनमधूनच वाजतात.

आणि हेडफोन जोडलाच जात नसेल, तर? तो दुसऱ्या कुणाला तरी फितूर आहे का ते बघा. एकदा माझा मोठा हेडफोन रोज सकाळी चालू केला की ‘कनेक्टेड’ बोलायचा आणि लॅपटॉपवर मात्र दिसायचा नाही. मी ड्रायव्हर बदलले, सगळं पुसलं, पुन्हा जुळवलं. चौथ्या दिवशी कपाटातून बारीकसा टुंग असा आवाज आला. जुना फोन तिथे चार्जिंगला लावून विसरले होते, त्याचं ब्लूटूथ चालू, आणि हेडफोन जागा झाला की हा पठ्ठ्या लॅपटॉपच्या आधी त्याला पकडत होता. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: घरातल्या बाकी सगळ्या उपकरणांचं ब्लूटूथ बंद करायचं, मगच हेडफोनला दोष द्यायचा. एकाच वेळी दोघांशी जोडून राहण्याची सोय, म्हणजे मल्टिपॉइंट, काही हेडफोनमध्ये असते. तिचा फायदा आहे, पण फोनवर एक सूचना टुणकन वाजली की संगणकावरचा आवाज अडखळतो. मी कामाच्या वेळी ती बंद ठेवते.

पुढचा प्रकार मला माझ्या खर्चाने कळला. एका निवेदकाचं प्रकरण ऐकताना आवाज डबक्यात बुडाल्यासारखा येत होता. मी शेरा लिहिला, ‘आवाज डब्यातून आल्यासारखा, पुन्हा मुद्रित करावं.’ त्यांनी बिचाऱ्यांनी नम्रपणे विचारलं, नक्की कुठल्या मिनिटाला? फाइल साध्या तारेच्या हेडफोनवर लावली, तर स्वच्छ. चूक माझ्या मशिनची होती. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाजाच्या दोन वाटा आहेत. गाण्याची वाट रुंद, स्टिरिओ, पण एकेरी. संभाषणाची वाट दुहेरी, म्हणून अरुंद: एकाच चॅनेलचा आवाज, आणि नमुन्यांचा वेग, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो, बहुतेकदा ८ किंवा १६ किलोहर्ट्झ, जिथे सीडीचा ४४.१ असतो. हेडफोनचा माइक कुणीही मागितला, की ऐकायचा आवाजही या अरुंद वाटेने यायला लागतो. माझ्याकडे मीटिंगचं ॲप मागे उघडं राहिलं होतं आणि माइक धरून बसलं होतं. विंडोजच्या यादीत हेडफोनची ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्सफ्री’ अशी दोन नावं दिसत असतील, तर ती याच दोन वाटा. उपाय सोपा: ऐकायला हेडफोन, बोलायला लॅपटॉपचा स्वतःचा माइक, अशी निवड ॲपमध्ये करून ठेवा. त्या निवेदकांना मी माफीचं पत्र लिहिलं ते वेगळं.

आवाज मध्येच तुटतो, ही तक्रार जागेची असते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यात वायफाय असतं, वायरलेस माउस असतो, मायक्रोवेव्ह ओव्हनमधून गळणाऱ्या लहरीही तिथल्याच. नेहमीचं ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ तुकडे करतं आणि सेकंदाला १६०० वेळा एकावरून दुसऱ्यावर उडी मारतं. गजबजलेले तुकडे ते टाळतंही, पण सगळीकडेच गर्दी असेल तर काय करणार? राउटरवर सोय असेल तर आपली उपकरणं ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर हलवा. दुसरा अडसर आपण स्वतः. शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे फोन मागच्या खिशात ठेवला की बाहेर मोकळ्यावर आवाज तुटतो. घरात भिंतींवरून उसळून लहरी पोहोचतात, म्हणून तिथे तोच फोन, तोच खिसा असून चालतं. फोन पुढच्या खिशात टाकून बघा.

माझ्याकडे एक खरखर फक्त संध्याकाळी सहाला यायची. सहालाच बाहेरच्या हार्ड डिस्कवर दिवसभराच्या फाइलींची प्रत निघते. डिस्क यूएसबी ३ ची, आणि ब्लूटूथचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायची छोटी कांडी, तिच्या शेजारच्याच खाचेत. यूएसबी ३ च्या खाचा आणि तारा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. इंटेलने २०१२ साली यावर एक शोधपत्रही काढलं होतं. डोंगल हातभर लांब एक्स्टेन्शन तारेवर घेतला आणि खरखर गेली.

लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असतील तर आणखी एक गंमत होते. माझ्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोजवर हेडफोन जुळवला, लिनक्सवर जुळवला, परत विंडोजवर गेले तर ओळखच नाही. कारण हेडफोनच्या दृष्टीने हा एकच संगणक, ब्लूटूथचा पत्ता एकच. लिनक्सवर नवी किल्ली बनली की हेडफोनने जुनी फेकून दिली. विंडोज मात्र जुनीच किल्ली घेऊन दाराशी उभं. एका सिस्टिममधली किल्ली काढून दुसरीत बसवता येते, पण ते किचकट आहे. मी लिनक्ससाठी वेगळा डोंगल लावला आणि मोकळी झाले.

एवढं करूनही जमत नसेल, तर मग पुसायला घ्या, पण क्रमाने. दोन्ही उपकरणं बंद करून चालू. मग फोनवर किंवा संगणकावर ‘फर्गेट’ किंवा ‘रिमूव्ह’, आणि हेडफोनची आठवणही पुसायची. हे दुसरं लोक विसरतात आणि एकाच बाजूची किल्ली गेल्यामुळे घोळ वाढतो. हेडफोनचं फॅक्टरी रिसेट त्याच्या कागदात दिलेलं असतं. विंडोजवर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस’ पुन्हा सुरू करून बघा. थोड्या वेळाने आपोआप सुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवायची खूण काढून टाका. फोनवरचं नेटवर्क रिसेट अगदी शेवटी, कारण त्यात साठवलेले वायफायचे पासवर्डही जाऊ शकतात.

ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, याचं फार मनावर घेऊ नका. व्हिडिओची ॲप्स चित्र थोडं थांबवून सांभाळून घेतात. खेळात तसं होत नाही, तिथे हेडफोनचा लो लेटन्सी मोड, म्हणजे आवाजाचा उशीर कमी करणारी सोय, लावा नाहीतर तार वापरा.

आईला चष्मा सापडला. दिवा एकाच बडवर होता. डावा बड डबीत ठेवला तरी त्याचा दिवा लागत नव्हता, म्हणजे तो चार्जच होत नव्हता. तिला डबीच्या तळाशी दोन बारीक सोनेरी टोकं दिसतात का विचारलं, आणि बडच्या पोटावर त्यांच्या जोडीचे ठिपके. “इथे काळं काळं आहे गं,” ती म्हणाली. घामाचं आणि मळाचं पुट होतं. कोरड्या कापसाच्या काडीने दोन्हीकडचं हलक्या हाताने पुसायला लावलं आणि अर्धा तास झाकण लावून ठेव म्हटलं. तिचा फोन चाळीस मिनिटांनी आला. दोन्ही कानांत येतंय म्हणाली, आणि गाणं अर्धवट राहिलंय म्हणून लगेच ठेवूनही दिला.