भीड सोडायला निघालात? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका रविवारी मला ताप भरला होता. बायको चंदगडला माहेरी गेलेली, मुलगा पुण्याला. बेळगावातल्या वडगावच्या घरात मी एकटाच. त्या दिवशी सहा वेळा फोन वाजला. एकाला गाडी पाहिजे होती. मंडळाच्या पोरांना वर्गणीचा आकडा पाहिजे होता. चुलतभावाला वीजबिलाच्या तक्रारीचा अर्ज कन्नडमध्ये लिहून देणारा कुणीतरी पाहिजे होता. सहाही जणांना मी अंथरुणातूनच "हो, बघतो की" म्हणालो. ताप आलाय हे एकालाही सांगितलं नाही. रात्री स्वतःच पेज शिजवायला उठलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तापामुळे नव्हतं.

आपल्याकडे म्हणतात, भीड भिकेची बहीण. भिडेपायी पैसा जातो हे सगळे जाणतात. भिडेपायी माणूस एकटा पडतो, हे मात्र मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. प्रत्येकाला हो म्हणणाऱ्या माणसाला काय आवडतं, काय झेपत नाही, काय दुखतं हे कुणालाच ठाऊक नसतं, कारण त्याने ते कधी बाहेर येऊच दिलेलं नसतं. मग चारचौघांत बसूनही त्याला कुणी भेटल्यासारखं वाटत नाही.

गेली दोन वर्षं मी ही सवय मोडायचा प्रयत्न करतोय. त्यात चुका पुष्कळ झाल्या, काही माझ्या, काही जवळच्यांच्या. त्या मनापासून सांगतो.

माणसं वाढवली की एकटेपण जाईल, असं समजू नका

पहिला उपाय म्हणून मी कार्यक्रम वाढवले. एकही बारसं चुकवलं नाही, एकही वास्तुशांत सोडली नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांमागे उजाडेपर्यंत चाललो. घरी आलो की तेच रिकामपण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे जगात सहापैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे, आणि तरुण मुलांत हे प्रमाण जास्त आहे. त्या अहवालातला एक भेद मला फार उपयोगी पडला. माणसं कमी असणं वेगळं आणि एकाकी वाटणं वेगळं. आपल्याला जशी नाती हवीत आणि जशी प्रत्यक्षात आहेत, त्यांतलं अंतर म्हणजे एकाकीपणा. हे अंतर लग्नाच्या पंगतीत बसून भरत नाही.

ते कशाने भरतं? अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये याचा तासांत हिशोब मांडला. ओळखीच्या माणसाशी साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात, चांगली मैत्री व्हायला 90, आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. शिवाय एकत्र काम करण्यात गेलेला वेळ त्यात फारसा धरता येत नाही. हे वाचलं आणि मला उद्यमबागेतल्या कारखान्यातली माझी वीस वर्षं दिसली. शेजारच्या लेथवरच्या माणसाबरोबर रोज आठ तास, पण त्याच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं ते मला तिसऱ्याकडून कळलं होतं.

म्हणून मी कार्यक्रम निम्म्याने कमी केले आणि एकच गोष्ट धरली. त्याच शेजारच्या माणसाबरोबर आठवड्यातून चार दिवस सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायचं, अर्धा तास. आठवड्याला दोन तास म्हणजे वर्षाला शंभर. दोन वर्षांत दोनशे होतात. हिशोबाने मैत्री होते असं मी म्हणत नाही, पण मैत्रीला वेळ लागतो आणि तो तसाच, ठरावीक ठिकाणी, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, हे आकड्यांमुळे मला पटलं. वीस वर्षांत न कळलेलं आता कळतं. त्याला उंचीची भीती वाटते. त्याची आई सौंदत्तीच्या यात्रेला चालत जायची.

एका दिवसात "नाही" म्हणायला शिकू नका

आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी मोबाइलवर एक भाषण ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना तोडून बोलायला लागल्या. पहिला फटका सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला बसला. म्हातारीने फक्त दवाखान्यात सोबत यायला विचारलं होतं. वहिनींना नंतर इतकं वाईट वाटलं की पुढचे दोन महिने त्या म्हातारीची सगळी कामं त्यांनी दुप्पट करून दिली. म्हणजे भीड होती त्याहून वाढली.

वर्षानुवर्षं दाबलेलं "नाही" एकदम बाहेर आलं की ते रागाचं रूप घेऊन येतं, आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर, म्हणजे सगळ्यांत दुबळ्या माणसावर निघतं. ज्यांना खरोखर नाही म्हणायला हवं, ते बाजूलाच राहतात.

मला उपयोगी पडली ती मधली पायरी: "उद्या सांगतो." एवढंच. हो पण नाही, नाही पण नाही. मागणाऱ्यासमोर उभं असताना आपलं तोंड आपल्या ताब्यात नसतं. रात्रभर वेळ मिळाला की निर्णय आपला होतो. पहिल्या महिन्यात मी फक्त हेच केलं. एकालाही नाही म्हणालो नाही, पण एकालाही जागच्या जागी हो म्हणालो नाही. अर्धी कामं तर दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांची त्यांनीच उरकली होती.

आणि नाही म्हणायची वेळ आली तेव्हा मी आमच्या शॉपमधल्या एका कन्नड सहकाऱ्याकडून शिकलो. तो कुणालाही सरळ सांगतो, "आगूदिल्ल री." जमणार नाही. पण शेवटी ते "री" असतं, समोरच्याचा मान ठेवणारं. आवाज चढत नाही, कारणं येत नाहीत, आणि लगेच तो चहाला बोलावतो. आपल्या बेळगावी मराठीतही हे "री" आहेच की. मीही म्हणायला लागलो, "यावेळी नाही जमणार री." आजवर एकाही माणसाने यावरून बोलणं सोडलेलं नाही.

नकाराला खोटं कारण मात्र जोडू नका. "गावाला गेलोय" म्हणायचं आणि संध्याकाळी गणपत गल्लीत समोरासमोर यायचं, असं या शहरात हमखास होतं. शिवाय कारण दिलं की समोरचा ते कारण सोडवायला बसतो. गाडी बिघडलीय म्हटलं तर तो मेकॅनिक पाठवतो.

जामीनकीच्या कागदावर भिडेने सही करू नका

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमच्या भागात गल्लीगल्लीत कर्ज देणाऱ्या सोसायट्या आहेत आणि जामीनदार मिळवणं हे कर्ज मिळवण्याइतकंच मोठं काम असतं. "नुसती सही पाहिजे रे, बाकी मी बघतो." हे वाक्य निपाणीपासून खानापूरपर्यंत प्रत्येक पगारदार माणसाने ऐकलेलं आहे.

नुसती सही असं काही नसतं. भारतीय करार कायदा, 1872, त्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा, तिथे मिळालं नाही तर माझ्याकडे या, असं म्हणायची सोय साधारणपणे जामीनदाराला नसते. कर्जाची रक्कम एकदा दिली गेली की आपल्या मर्जीने त्यातून बाहेरही पडता येत नाही. बँकेचं कर्ज असेल आणि ते थकलं, तर आपल्या स्वतःच्या घरकर्जाच्या वेळी ती नोंद आडवी येऊ शकते.

मी एकाला जामीन राहिलो होतो. हप्ते थांबले, नोटीस माझ्या घरी आली, आणि उरलेलं मी भरलं. बायकोच्या पाटल्या गेल्या. पैशाचं दुःख मी पचवलं. पचलं नाही ते हे, की तो माणूस मला पाहिला की रस्ता बदलायला लागला. लहानपणी आम्ही एकाच विहिरीत पोहायला शिकलो होतो. मी तेव्हा नाही म्हणालो असतो तर तो महिनाभर रुसला असता. हो म्हणालो म्हणून तो कायमचा गेला.

आता आमच्या घरात नियम आहे, दोघांनी बसून ठरवल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही नाही. नियम खरा आहे, म्हणून सांगताना जीभ अडखळत नाही. आणि खरंच अडचणीत असलेल्याला मी बुडाली तरी चालेल एवढीच रक्कम हातात देतो, परत मागत नाही.

यात्रेचंही असंच. आमच्या तालुक्यातल्या गावांत कित्येक वर्षांनी महालक्ष्मीची यात्रा येते, आणि पाहुण्यांचा आकडा हीच घराची इज्जत होऊन बसते. यात्रेचा आनंद मी लहानपणी भरभरून घेतलाय, तिच्याविरुद्ध माझं काही नाही. पण माझ्या बहिणीने यात्रेसाठी महिला संघाचं कर्ज काढलं, दोन दिवस चुलीपुढून हलली नाही, आणि आलेल्या दीडशे माणसांतल्या एकाशीही तिचं धड बोलणं झालं नाही. तिची मला आठवणारी तक्रार हीच होती: "दादा, सगळी जेवून गेली खरं, माझ्याजवळ कोण बसलंच नाही."

बहिणीला मी दुसरं काही सुचवलं नाही, फक्त महिन्यातून एकदा खानापूरहून बेळगावला शाळेतल्या मैत्रिणीकडे जायला लावलं. 11 जून 2023 पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना राज्याच्या साध्या बसमधून राज्याच्या हद्दीत तिकीट लागत नाही. आधार कार्ड दाखवलं की झालं. "पैसे कशाला घालवायचे" हे घरातलं ठरलेलं वाक्य त्यामुळे गळून पडलं. कोल्हापूरला किंवा चंदगडला जायचं तर मात्र तिकीट काढावं लागतं, हद्द ओलांडली की सवलत नाही. सुरुवातीला ती दर वेळी डबा भरून न्यायची, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. मैत्रिणीनेच एकदा खडसावलं, "पुढच्या वेळी डबा आणलास तर दार उघडणार नाही." आता ती नुसती जाते आणि मैत्रिणीच्या हातचं खाऊन येते.

देत राहू नका, मागायलाही शिका

सगळ्यांत अवघड हेच आहे, आणि माझ्याकडून अजूनही चुकतं. भिडस्त माणूस देण्यात पटाईत असतो. मागायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटते. मग मनात हिशोब साठत जातो: मी याच्यासाठी एवढं केलं, याने माझी साधी चौकशी केली नाही. पण त्या बिचाऱ्याला कळणार कसं? माझ्या तापाच्या दिवशी त्या सहा जणांचा काही दोष नव्हता. मी सांगितलंच नव्हतं.

लहान मागण्यांपासून सुरू करा. शिडी मागा. बाजारातून कोथिंबीर आणायला सांगा. ज्याची गाडी त्याच वाटेने जातेय त्याला स्टँडपर्यंत सोडायला सांगा. मी पहिल्यांदा व्हॅक्सिन डेपोतल्या त्या मित्राला म्हणालो, "दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, एकट्याला भीती वाटते, येतोस काय?" बावन्न वर्षांच्या माणसाने हे म्हणायला किती जोर लावावा लागतो ते मलाच ठाऊक. तो आला. बाहेर बाकावर तासभर बसून राहिला. परत येताना त्याने स्वतःच्या मुलाविषयी जे सांगितलं, ते वर्षभराच्या चालण्यात सांगितलं नव्हतं.

भाषेमुळेही माणूस या भागात एकटा पडतो, आणि ही चूक आपण मराठी माणसं करतो. सीमाप्रश्नावर माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही. पण शेजारच्या कन्नड घराशी बोलायचंच नाही, असं त्या मतातून निघत नाही. रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर पहिलं दार तेच आहे.

प्रत्येक एकटेपणाला स्वभाव समजू नका

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आवडीच्या कशातच मन लागत नसेल, तर ही नुसती भीड नव्हे आणि नुसतं एकटेपण नव्हे. तेव्हा फिरायला जा, माणसांत मिसळा, असं सांगणं म्हणजे मोडक्या पायाच्या माणसाला पळायला सांगणं. जगणं नको वाटत असेल तर दोन दिवसही थांबू नका. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, क्रमांक आहे. केंद्र सरकारने ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केली. ती चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत, आणि भाषा निवडता येते. प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात जाता येतं, आणि मनाच्या आजारांसाठीच असलेली मोठी सरकारी संस्था, डिम्हान्स, धारवाडला आहे.

फोनवर काय बोलायचं म्हणून पुष्कळ जण थांबतात. आमच्या ओळखीतल्या एका पोराने तीन वेळा नंबर लावून कापला होता. चौथ्या वेळी तो एवढंच बोलला, "मला काय होतंय ते सांगता येत नाही." पलीकडून उत्तर आलं, चालेल, सावकाश सांगा.