पीएचपीत रँडम नंबर काढताना या चुका टाळा

परवा परत एका मुलाने स्क्रिप्ट बघायला पाठवली आणि परत तेच, वरच एमटी-एसरँडमध्ये, म्हणजे रँडम नंबरला सीड (सुरुवातीचा आकडा) देणाऱ्या फंक्शनमध्ये, टाइम टाकलेला. अरे, सीड तोच असला की आकडाही तोच येणार, आणि टाइम बदलतो सेकंदाला एकदा, मग एका सेकंदात दहा जण आले तर दहाही जणांना एकच नंबर.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत गणपतीच्या महाप्रसादाची कूपनं ऑनलाइन दिली होती, कोड दुसऱ्याचा, पण निस्तरायला मला बोलावलं. ज्याने लिहिलं त्याने घरी एकट्याने रिफ्रेश करून बघितलं, दरवेळी नवा नंबर दिसला, झालं टेस्टिंग. पण बुकिंग सकाळी दहाला उघडणार म्हणून अख्खं कॉम्प्लेक्स मोबाइल धरून बसलेलं, सगळ्यांनी एकदमच बटण दाबलं आणि संध्याकाळी मांडवाच्या गेटवर एकाच नंबरचं कूपन घेऊन तीन-तीन घरं उभी. एक आजी न जेवताच घरी गेल्या, ते मला अजून लागून राहिलंय.

मी सीडची ओळच काढून टाकली. पीएचपी ४.२ पासून सीड आपोआप होतं, तुम्ही मध्ये पडूच नका. शिवाय डेटाबेसमध्ये नंबरच्या कॉलमला युनिक इंडेक्स लावला, म्हणजे तोच नंबर दोनदा घुसतच नाही, कारण पाच आकडी नंबर असतात ९०,०००, त्यातले साडेतीनशेच काढले तरी कुठलेतरी दोन जुळायची शक्यता जवळपास निम्मी होते. इंडेक्सने अडवलं की परत नवा काढायचा. आता मी एकट्याने रिफ्रेश करून कधीच पास करत नाही, एकदम पन्नास रिक्वेस्ट सोडतो.

ओटीपी आणि पासवर्ड रिसेटला एमटी-रँड, म्हणजे पीएचपीचं रँडम नंबर काढायचं साधं फंक्शन, नकोच. त्याचे काही आकडे मिळाले की पुढचे काढता येतात. टाइमचा एमडी-फाइव्ह (अक्षरं-आकड्यांचा ठरावीक लांबीचा हॅश) करून रिसेट लिंकचं टोकन बनवणं तर मला अजिबात पटत नाही, वेळेचा अंदाज कोणालाही बांधता येतो. पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ पासून, रँडम-इंट आणि रँडम-बाइट्स आहेत, तेच वापरा, एका ओळीचं काम आहे, घाई असली तरी.

युनिक-आयडी हे फंक्शनही घड्याळावरच चालतं, नावावर जाऊ नका.

ओटीपी स्ट्रिंग म्हणून ठेवा, नाहीतर सुरुवातीचा शून्य गळतो.

आणि एवढं करूनही सगळ्यांना तोच नंबर दिसत असेल तर कोड उसवत बसू नका, आधी ते पेज कॅशेतून, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीतून, येतंय का बघा.