सकर रॉडचा सांधा: रिगवर नव्याने येणाऱ्यांसाठी

तिसऱ्यांदा तीच तेलविहीर बंद पडली तेव्हा मला रिगवर येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. पंपिंग युनिट डोलत होतं, पण पॉलिश रॉडवर (सर्वांत वरच्या, युनिटला टांगलेल्या रॉडवर) भार नव्हता आणि तेलाची धार थांबली होती. डायनॅमोमीटरचं कार्ड (फेरीभर रॉडवर येणाऱ्या भाराचा आलेख) तळाशी चपटं आलं होतं. म्हणजे सकर रॉड, युनिटची ओढ खालच्या पंपापर्यंत नेणारी पोलादी कांब, तुटलेला. आठ महिन्यांतला तिसरा. बाहेर काढून पाहिलं तर तुटही तिथलीच: सात सुती (७/८ इंची) रॉडची पिन, म्हणजे टोकाचा आटे असलेला भाग, शोल्डरजवळच्या (पिनच्या मुळाशी असलेल्या रुंद कडेजवळच्या) पहिल्या पूर्ण आट्यात. "वरच्या भागावर भार जास्त असतो, शिवाय माल हलका आलाय," असं सगळ्यांचं मत पडलं, आणि मीही अहवालात तेच लिहिलं. ते चूक होतं. माल चांगला होता, सांधा नीट आवळलेला नव्हता.

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने सांध्याकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय. पंप, युनिट, मोटर यांच्याबद्दल सगळे बोलतात. सांध्याबद्दल रॉड तुटेपर्यंत कुणी बोलत नाही.

आधी आकडे बघा. नेहमीचा सकर रॉड २५ फुटांचा, म्हणजे ७.६२ मीटरचा असतो. पंप १५०० मीटरवर असेल तर साधारण १९७ रॉड लागतात आणि जवळपास तितकीच कपलिंग, म्हणजे दोन रॉड जोडणाऱ्या, आतून आटे असलेल्या आखूड नळ्या. प्रत्येक कपलिंगमध्ये वरून एक आणि खालून एक अशा दोन पिना बसतात, म्हणजे चारशेच्या आसपास आट्यांच्या जोडण्या. हे सगळे एकाखाली एक टांगलेले असतात, त्यामुळे एक गेला की विहीर बंद. आता पंपाच्या फेऱ्या धरा. मिनिटाला फक्त सहा फेऱ्या धरल्या तरी वर्षाला एकतीस लाखांहून जास्त वेळा प्रत्येक सांध्यावर ताण येतो आणि उतरतो. एका ओढीने तुटेल इतका भार त्यावर क्वचितच येतो. तो तुटतो थकव्याने: आट्याच्या मुळाशी केसाएवढी भेग पडते आणि प्रत्येक फेरीबरोबर ती थोडी पुढे सरकते.

मग सांधा आवळून नेमकं काय साधतं? नवीन माणूस म्हणतो, सुटू नये म्हणून. ते अर्धंच उत्तर झालं. पिन कपलिंगमध्ये फिरवत गेलात की पिनचं शोल्डर कपलिंगच्या तोंडावर टेकतं. तिथून पुढे जितकं फिरवाल तितकी पिनची मान ताणली जाते आणि शोल्डर व कपलिंगचं तोंड एकमेकांवर दाबलं जातं. हा आधीच भरून ठेवलेला ताण पंपाच्या ओढीपेक्षा जास्त असला की पंप कितीही वर-खाली होवो, दोन तोंडं एकमेकांपासून सुटत नाहीत आणि पिनला भारातला चढउतार फारसा जाणवत नाही. ताण कमी पडला की प्रत्येक उचलीला तोंडात फट पडते. मग सगळा चढउतार पिनच्या आट्यावर येतो, वर वाकण्याचा ताणही येतो, आणि फटीतून खारं पाणी आत शिरतं. सांधा सुटायची वाट बघावी लागत नाही, आतून पिन मरायला लागलेली असते.

हा ताण डोळ्याला दिसत नाही. हाताला "घट्ट" लागलं यावर भरवसा ठेवू नका, आणि फक्त टाँगच्या (सांधा आवळणाऱ्या हायड्रॉलिक पान्याच्या) दाबावरही ठेवू नका. आवळायला लावलेल्या जोराचा बराच मोठा भाग घर्षणात जातो. आट्यात वाळूचे कण असतील, आटा कोरडा किंवा ठेचलेला असेल, तर टाँग जोर लावून थांबेल, सांधा घट्ट भासेल आणि पिन मात्र ताणलीच गेलेली नसेल. म्हणून सकर रॉडमध्ये जोर मोजत नाहीत, फिरणं मोजतात. एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) आरपी ११बीआर ही मार्गदर्शिका हेच सांगते.

पद्धत साधी आहे, पण पहिल्या दिवशी स्वतः करून बघा. पिन हातानेच शेवटपर्यंत फिरवा, शोल्डर कपलिंगला टेकेपर्यंत. हाताने जात नसेल तर थांबा, टाँग लावू नका. आटे पुसा, बघा. टेकल्यावर मार्करने शोल्डरपासून कपलिंगपर्यंत एक उभी बारीक रेघ मारा. मग टाँग लावा. आवळून झाल्यावर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसतील. शोल्डरच्या घेरावर ते अंतर मोजा. त्यासाठी खुणा केलेलं कार्ड मिळतं, ते तिथे धरून बघायचं. पाऊण इंची नवीन डी ग्रेडच्या (पोलादाचा एक दर्जा) रॉडला हे अंतर ९/३२ इंच, म्हणजे सव्वादोन सूत, साधारण ७ मिलिमीटर. तोच रॉड वापरलेला असून परत सोडायचा असेल तर ७/३२, पावणेदोन सूत. सात सुती नव्या रॉडला ११/३२, पावणेतीन सूत. वापरलेल्या रॉडला कमी का, हे मी बरेच दिवस विचारत होते. पहिल्या वेळी आट्यांवरचे आणि तोंडावरचे सूक्ष्म उंचवटे दबून बसतात, त्यात फिरण्याचा काही भाग जातो. दुसऱ्या वेळी ते आधीच दबलेले असतात. खास ग्रेडच्या रॉडचे आकडे वेगळे असतात, तिथे बनवणाऱ्याचंच कार्ड मागून घ्या, दुसऱ्याचं चालवू नका.

आता आमच्या विहिरीकडे येते. रॉडची माळ दोन जाडीची होती: खाली पाऊण इंची, वर सात सुती. सोडताना आधी पंप जातो, मग बारीक रॉड, मग जाड. टाँगचा दाब सकाळी पाऊण इंचीसाठी लावला जाई. दुपारी जाड रॉडची पाळी येई तेव्हा टाँगचे जबडे बदलत, दाब मात्र तोच राही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. हेल्पर बदललेला असायचा, ऊन चढलेलं असायचं, सगळ्यांना शंभर रॉड अजून सोडायचे असायचे. परिणाम असा, की सबंध वरचा भाग कमी आवळला जाई, आणि नेमका तिथेच भार सर्वांत जास्त. तिन्ही तुटी सात सुतीच्याच का, याचं उत्तर हे होतं.

ते लक्षात आणून दिलं आमच्या टूलपुशरनी, म्हणजे रिगच्या प्रमुखांनी. त्यांनी मला तुटलेली पिन सोडून बाजूचे न तुटलेले सांधे दाखवले. "ताई, तुटलेलं सगळेच बघतात, हे बघा." शोल्डरच्या तोंडावर गंजकट तपकिरी कडं उठलं होतं, घासून घासून झालेलं. नीट आवळलेल्या सांध्याचं तोंड स्वच्छ, सारखं दबलेलं असतं. हे तोंड फेरीगणिक सुटत आणि टेकत होतं. मग आम्ही उरलेले सात सुती सांधे सुटताना एकेक तपासले. बहुतेकांवर तेच कडं होतं. त्याआधी दोन वेळा आम्ही तुटलेला एक रॉड बदलून बाकीचे तसेच खाली सोडले होते, आणि मला वाटतं या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. एक सांधा कमी आवळल्यामुळे गेला असेल तर त्या दिवशी त्याच टाँगने आवळलेले सगळे सांधे त्याच अवस्थेत असतात. ते सगळे सोडवून, साफ करून, पिना तपासून पुन्हा आवळायला हवेत. वेळ लागतो, रिग अडकते, वरून विचारणा होते. तरीही करा.

टाँगबद्दल आणखी एक. हायड्रॉलिक तेल थंड असताना घट्ट असतं, तापलं की पातळ होतं, आणि त्याच दाबावर सांधा वेगळा आवळला जातो. म्हणून काम सुरू करण्याआधी टाँग थोडा वेळ मोकळी फिरवून तेल गरम करा, मग दाब लावा. पहिले काही सांधे एकेक मोजा, अंतर सारखं यायला लागलं की अधूनमधून मोजा. रॉडची जाडी, ग्रेड किंवा नवा-जुना बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

स्वच्छतेवर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण ते काम सर्वांत नव्या माणसाकडे येतं आणि त्याला ते हलकं वाटतं. पिनवरचं प्लास्टिकचं टोपण सांधा जोडायच्या क्षणापर्यंत काढू नका. आटे चिंधीने पुसा, कपलिंगच्या आत बोट घालून पुसा. वंगण फक्त आट्यांना, पातळ थरात. शोल्डर आणि कपलिंगचं तोंड स्वच्छ आणि कोरडं हवं. तिथे वंगण गेलं की घर्षण बदलतं आणि मोजमाप बिघडतं. वाळूचा एक कण तोंडाखाली अडकला तर त्याच्यावरच सगळा दाब पेलला जातो, आणि विहिरीत तो चिरडला की ताण नाहीसा. रॉड डेरिकमध्ये (रिगच्या मनोऱ्यात) सरळ टांगलेला असेल तरच पिन आत घाला. वाऱ्याने रॉड झुलत असताना घाईने फिरवलं की आटे आडवे चढतात.

हातोडा सांध्याजवळ ठेवूच नका. अडकलेलं कपलिंग ठोकून सोडवायची सवय जुनी आहे, पण हातोड्याच्या घावाखाली धातू कडक होतो, खोक पडते, आणि तिथूनच पुढची भेग निघते. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या विहिरीत तर ठोकलेलं कपलिंग उभं चिरलेलं मी हातात घेतलं आहे. घाव बसलेलं कपलिंग फेकून द्या. वाकलेला रॉडही तसाच. सरळ केलेला दिसतो, पण आतून दुखावलेला राहतो.

तुटलेला तुकडा हाती आला की तो दुसऱ्या तुकड्याला जोडून बघायचा मोह सगळ्यांना होतो. जोडू नका, तारेच्या ब्रशने घासूही नका. तुटीवर सगळी कहाणी लिहिलेली असते: जिथून भेग सुरू झाली ती जागा, तिच्याभोवती गुळगुळीत अर्धचंद्र, त्यावर पाण्याच्या लाटांसारख्या रेषा, आणि शेवटी फाटलेला खडबडीत भाग. तुकड्याला तेलाचा हात लावा, वरून कितवा रॉड होता तो आकडा चिठ्ठीवर लिहून बांधा. अशा नोंदींची वही मी तेव्हापासून ठेवते.

सांधा नीट आवळला म्हणजे सगळं मिटलं असं नाही. पंप अर्धा रिकामा भरत असेल तर प्लंजर (पंपातला दट्ट्या) खाली येताना द्रवावर आदळतो. तो धक्का रॉडमधून वर जातो आणि चांगला सांधाही हळूहळू सैल करतो. तिथे फेऱ्या कमी करा, युनिट थांबवून-थांबवून चालवा. गंज असेल तर रसायनाचा डोस तपासा. पण हे सगळं करण्याआधी सांध्याची बाजू पक्की असू द्या, नाहीतर कारण कुठलं ते कधीच कळणार नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर पदवी यंत्रअभियांत्रिकीची असो की पेट्रोलियमची, किंवा पदविका असो, फरक पडत नाही. बोल्टमधला ताण, धातूचा थकवा आणि डायनॅमोमीटर कार्ड वाचणं, हे तीन विषय पक्के करून या. बाकी रिगवर मिळतं, फक्त टाँग चालवणाऱ्याशी मैत्री हवी. मोजायला गेलात की त्याला आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. मी त्यालाच कार्ड आणि मार्कर देते, रेघ तो मारतो, आकडा तो सांगतो, मी लिहिते. हात टाँगच्या जबड्यापासून लांब, आणि टाँग पूर्ण थांबल्याशिवाय कार्ड पुढे करायचं नाही.

त्या विहिरीत वरचे सगळे सांधे नव्याने आवळले त्या दिवशी जाडी बदलल्यावर टाँग थांबवली, दाब नव्याने लावला. पहिल्या सांध्याची रेघ दीड सूतच सरकली. दाब वाढवला, दोन. तिसऱ्या सांध्याला कार्ड धरलं तर रेघ खुणेवर बरोबर बसली, आणि टाँगवाल्याने मी न विचारता आकडा ओरडून सांगितला.