केटी-फुलशरमध्ये घर घेताना आधी जमीन बघा

ह्यूस्टनला नोकरी लागली की घरासाठी केटी आणि फुलशर या पश्चिमेकडच्या उपनगरांची नावं हमखास सुचवली जातात. सिंको रँच, क्रॉस क्रीक रँच... नावात रँच आहे, कारण तिथे खरोखरच गुरं चरायची आणि आजूबाजूला भाताची शेतं होती. सिंको म्हणजे स्पॅनिशमध्ये पाच. पाच भागीदारांची ती जमीन 1984 मध्ये विकली गेली आणि तिथे आखीव वसाहत झाली. शाळा, तळी, क्लबहाउस दाखवायला एजंट आहेच.

माळरानावर नळ नव्हते, गटारं नव्हती. त्यासाठी मड (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) नावाची स्थानिक संस्था स्थापन होते. खर्च आधी विकासक करतो, मड रोखे काढून तो त्याला परत देते आणि रोखे फिटतात तुमच्या मालमत्ता करातून. दर 100 डॉलरमागे 1 डॉलर असेल, तर 4 लाख डॉलरच्या घरावर वर्षाला 4,000 नुसते मडचे. शाळेचा आणि काउंटीचा कर वेगळा. रोखे फिटत आलेल्या जुन्या भागात हा दर सहसा कमी असतो. करारावर सही करण्याआधी मडची नोटीस मागून घ्या.

लोक अडकतात ते मात्र दुसऱ्या वर्षी. मूल्यांकन 1 जानेवारीच्या स्थितीवर होतं. त्या दिवशी नुसता प्लॉट असेल, तर पहिला कर किरकोळ येतो. एकूण दर अडीच टक्के धरा: 80 हजारांच्या प्लॉटवर 2,000, पुढच्या वर्षी 4 लाखांच्या घरावर 10,000. बँकेने एस्क्रो, म्हणजे कर आणि विम्यासाठी हप्त्यातून कापली जाणारी रक्कम, प्लॉटवर बेतला असेल, तर हप्ता महिन्याला साडेसहाशेहून जास्त वाढतो, शिवाय मागची तूट भरावी लागते. पहिल्या महिन्यापासूनच पूर्ण घराच्या हिशोबाने एस्क्रो कापायला सांगा. स्वतः राहत्या घरावर करात मिळणाऱ्या होमस्टेड सवलतीचा अर्ज 30 एप्रिलच्या आत स्वतः भरा. तो फुकट असतो. ड्रायव्हिंग लायसन्सवर याच घराचा पत्ता हवा.

सिंको रँचलगतचा, पूर अडवायला बांधलेला बार्कर जलाशय एरवी कोरडा असतो, म्हणून फसू नका. जलाशयासाठीची सरकारी जमीन समुद्रसपाटीपासून 95 फूट उंचीपर्यंतच आहे. 2017 मध्ये हार्वी चक्रीवादळाचं पाणी 101 फुटांच्या वर गेलं आणि सिंको रँचच्या काही भागांत घरांत शिरलं. त्यामुळे प्लॉटची समुद्रसपाटीपासूनची उंची विचारा. पूरनकाशात ‘एक्स’ झोन, म्हणजे कमी धोक्याचा भाग, असला तरी पूरविमा घ्या. तो साधारण 30 दिवसांनी लागू होतो, वादळाची बातमी आल्यावर घेऊन उपयोग नाही.

माती आपल्या काळ्या रानासारखी आहे, पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. कोरड्या उन्हाळ्यात पायाचा काँक्रीट स्लॅब एका बाजूने खचला की दारं अडकायला लागतात. पायापासून फूट-दीड फुटावर झिरपणारा पाइप घराभोवती फिरवा आणि सगळीकडे ओल सारखी ठेवा. वाफ्यांत माती चढवताना पायाची चार इंच कड उघडी राहू द्या. ती झाकली की वाळवी आत शिरलेली दिसतच नाही.